‘प्रोटीन एस कमी आहे’ असा रिपोर्ट आला, आता लकवा होणार का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिशियन आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून लोक माझ्याकडे फाइल घेऊन येतात. फाइलमध्ये प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन अशी नावं असतात, एखाद्या आकड्यासमोर ठळक अक्षरात ‘कमी’ लिहिलेलं असतं आणि अख्खं घर धास्तावलेलं असतं. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगतो. कमी आलेला आकडा एकटा सहसा काही करत नाही, त्याला सोबत लागते. बाळंतपण, हार्मोनच्या गोळ्या, पाणी कमी पडणं, अंथरुणाला खिळणं ही ती सोबत. आकडा बदलणं आपल्या हातात नसतं. ही सोबत टाळणं मात्र बऱ्याच वेळा आपल्याच हातात असतं.

ही प्रोटीन नेमकं काय करतात? डाळी, अंडी, पनीर वाढवलं तर भरून निघतील का?

नाही. आहारातल्या प्रथिनांशी यांचा काही संबंध नाही. ही प्रथिनं शरीर स्वतः तयार करतं, मुख्यतः यकृतात. जखम झाली की रक्त गोठायला हवं, पण ते जखमेपुरतंच. शेताला पाणी भरताना वाफा भरला की पाणी पुढे वळवायला बांधावर माणूस उभा लागतो, नाहीतर एकाच वाफ्यात तळं होतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन ही ती बांधावरची माणसं. सी आणि एस जोडीनं काम करतात आणि गोठण्याच्या साखळीतले पाचवा व आठवा हे दोन घटक निकामी करतात. अँटीथ्रॉम्बिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच थेट धरतं. यांपैकी एखादं कमी पडलं की नको तिथे गुठळी धरायची शक्यता वाढते.

म्हणजे कमी असलं की लकवा होतोच?

होत नाही. कमतरता असलेल्या कितीतरी लोकांना आयुष्यभर काहीही होत नाही. परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत दर दोनशे ते पाचशे माणसांमागे एकाला प्रोटीन सीची सौम्य कमतरता आढळली आहे. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. अँटीथ्रॉम्बिनची कमतरता यापेक्षा दुर्मिळ असते, पण तिन्हींत जास्त धोक्याची तीच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या कमतरतेतल्या गुठळ्या बहुतेक वेळा पायाच्या शिरेत होतात आणि तिथून सुटून फुप्फुसात जातात. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागू लागली किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर मेंदूची काळजी करत न बसता आधी तेच दाखवा. साठी ओलांडलेल्या, रक्तदाब आणि साखर असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाला लकवा झाला तर त्याचं कारण बहुधा रक्तदाब, साखर आणि तंबाखू हेच असतं. अशा माणसाची प्रोटीन सी-एसची महागडी तपासणी करून हाती फारसं काही लागत नाही. ते पैसे बीपीच्या गोळ्यांसाठी ठेवा, असं मी नातेवाइकांना स्पष्ट सांगतो.

मग मेंदूचा आणि या प्रोटीनचा संबंध येतो कुठे?

मुख्यतः मेंदूच्या शिरांमध्ये. नेहमीच्या लकव्यात मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तुंबते. इथे उलटं होतं. मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होते, रक्त मागे तुंबतं, मेंदूला सूज येते आणि कधी कधी त्यातून रक्तस्रावही होतो. डॉक्टर याला सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बोसिस किंवा थोडक्यात सीव्हीटी म्हणतात. हा तरुणांचा, त्यातही तरुण स्त्रियांचा आजार आहे. प्रोटीन सी, एस आणि अँटीथ्रॉम्बिन यांच्या कमतरतेशी त्याचं नातं पक्कं आहे. मोठ्या माणसांत धमनीच्या लकव्याशी मात्र हे नातं कच्चं आहे. लहान मुलांत ते थोडं अधिक दिसतं.

एक आडवाटही आहे. साधारण चारांत एका माणसाच्या हृदयात डाव्या-उजव्या कप्प्यांच्या मधल्या पडद्याला जन्मापासूनच बारीक फट राहिलेली असते. पायातली गुठळी त्या फटीतून डावीकडे गेली तर थेट मेंदूत पोचू शकते. म्हणून तरुण माणसाला कारण न सापडणारा लकवा झाला की हृदयाची इको तपासणी नीट करून घ्यावी लागते.

बाळंतिणीचं डोकं दुखतंय. वाताचं असेल, जागरणाचं असेल. थांबावं का?

थांबू नका. या पानावरचं दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी हे उत्तर लक्षात ठेवा.

यावल तालुक्यातली एक मुलगी, पहिलटकरीण, बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी आमच्याकडे आली होती. चार दिवसांपासून ती आईला ‘डोकं दुखी ऱ्हायनं’ म्हणत होती. वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या बंद होत्या, कानात कापूस होता, डोक्याला घट्ट फडकं होतं. पोट सुटेल, अंग सुजेल म्हणून पाणी मोजून मिळत होतं आणि तेही ओव्याचं. दिवस एप्रिलचे होते. चौथ्या दिवशी उलट्या झाल्या आणि पहाटे फिट आली. नवऱ्यानं शहाणपणा केला. गडबडीतही त्यानं फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. उजवा हात आधी झटके देत होता आणि मग सगळं अंग, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. फिट कुठून सुरू झाली हे आम्हाला त्यावरून कळलं. साध्या सीटी स्कॅनमध्ये फार काही दिसलं नाही. मेंदूच्या शिरा दाखवणारी एमआर व्हेनोग्राफी केली तेव्हा मेंदूच्या वरच्या बाजूची मोठी शीर गुठळीनं भरलेली दिसली.

ती बरी झाली. आज स्वतःच्या पायांनी तपासणीला येते, मुलगा शाळेत जातो. पण आधीचे चार दिवस वाया गेले होते आणि त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आजीनं तिच्या आजीकडून जे शिकलं तेच मायेनं केलं होतं. म्हणून आजीला दोष न देता तिला एवढं समजावून सांगा की गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईचं रक्त निसर्गतःच लवकर गोठतं, प्रसूतीत रक्त फार जाऊ नये म्हणून ती शरीराची सोय असते. पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो. त्यात खान्देशातलं ऊन, अंगावरचं दूध, घाम आणि वर पाणी कमी, म्हणजे रक्त आणखी दाट होतं. बाळंतिणीला डिंकाचे, मेथीचे लाडू द्या, शेक द्या, पण पाणी पोटभर द्या. तहान लागण्याआधी द्या. रोज घरातल्या घरात चालवा.

डोकेदुखी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली, वाढत गेली, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त ठणकू लागली, सोबत उलटी, अंधुक दिसणं, फिट, हातापायाला मुंग्या किंवा बडबड असं काही आलं, तर बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेण्यात रात्र घालवू नका. भगताकडे नंतरही जाता येईल.

मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणतात आणि तरी रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन देतात. चूक तर होत नाही ना?

हा प्रश्न नातेवाईक घाबरून विचारतात आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. सीव्हीटीमधला रक्तस्राव शीर तुंबल्यामुळे झालेला असतो. गुठळी तशीच ठेवली तर मागचा दाब वाढत जातो आणि रक्तस्रावही वाढतो. म्हणून रक्तस्राव दिसत असला तरी हेपॅरिन द्यावं लागतं. जगभर हीच पद्धत आहे.

आमचा रिपोर्ट ‘कमी’ आला. तो खरा की खोटा?

पुष्कळदा खोटा. लॅबनं फसवलं असं नव्हे, तपासणीची वेळ चुकलेली असते.

नवी गुठळी झाली की ही प्रोटीन तिच्यात खर्ची पडतात, म्हणून त्या आठवड्यात ती कमीच येणार. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर काही आठवडे प्रोटीन एस निसर्गतःच खाली असतं. इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्यांनीही ते उतरतं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर सी आणि एस दोन्ही खाली येतात, कारण ती गोळी ज्या व्हिटॅमिन के वर घाव घालते त्याच्याशिवाय ही दोन्ही प्रोटीन तयार होत नाहीत. हेपॅरिननं अँटीथ्रॉम्बिन उतरतं. यकृताचा आजार असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील तरी आकडे बदलतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांनी उलटा घोळ होतो, खरी कमतरता लपून रिपोर्ट चांगला येऊ शकतो. यावलच्या त्या मुलीचं प्रोटीन एस ती दवाखान्यात भरती झाली त्या आठवड्यात खूप कमी आलं होतं. कुणीतरी तिला ‘जन्मभराचा रक्तदोष’ सांगून टाकला. माहेर-सासरमध्ये त्यावरून शब्दाला शब्द लागला, मुलीत दोष होता तर आधी का नाही सांगितलं इथपर्यंत गेलं. उपचार संपल्यावर, योग्य वेळी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा अगदी नीट होता.

योग्य वेळ म्हणजे गुठळीनंतर किमान तीन महिन्यांनी. वॉर्फरिन बंद करून किमान दोन आठवडे झालेले असावेत, जास्त झाले तर उत्तमच. पण तपासणीसाठी गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. ती बंद करता येते का हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि एकदा कमी आलं म्हणजे कमी, असं धरायचं नाही. दुसऱ्या वेळीही कमी यायला हवं.

आता नमुन्याबद्दल थोडं, कारण आपल्या भागात इथेच घोटाळा होतो. हे रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत सायट्रेटचं द्रावण आधीच असतं आणि त्याच्या नऊ पट रक्त लागतं, म्हणून नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर प्रमाण बिघडतं आणि आकडे चुकतात. पुढे काही तासांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, वेगळा करून गोठवावा लागतो आणि मोठ्या शहरातल्या लॅबला गोठलेल्या अवस्थेतच पाठवावा लागतो. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या घरात असताना नमुना वाटेत वितळला, तर रिपोर्टवर तो वितळल्याचं कुठे लिहून येत नाही, फक्त ‘कमी’ येतं. म्हणून नमुना देताना बिनधास्त विचारा: प्लाझ्मा इथेच वेगळा करणार का, गोठवून पाठवणार का? चांगला टेक्निशियन अशा प्रश्नानं रागावत नाही.

कानबाईच्या सणात पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या तर चालतील का?

आपल्या खान्देशातला कानबाईचा सण असो, लग्न असो की सप्तशृंगीची वारी, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मागून या गोळ्या घेतल्या जातात आणि शेजारणीलाही दिल्या जातात. धडधाकट बाईला धोका कमी असतो. पण तुम्हाला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला गुठळी झालेली असेल, कमतरता सिद्ध झालेली असेल, नुकतंच बाळंतपण झालेलं असेल किंवा अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमग होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांना तर अशा स्त्रीनं हातच लावू नये. तांबी चालते. माझ्या मते देवीला भक्ताचा जीव रोटांच्या नैवेद्यापेक्षा प्यारा असतो.

हे घराण्यात येतं का? बाकीच्यांना तपासायचं का?

येतं. नॉर्वेमधल्या एका कुटुंबात पिढ्यान्पिढ्या गुठळ्या होत होत्या. त्यांच्यात अँटीथ्रॉम्बिनची कमतरता असल्याचं ओलाव एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलं. प्रोटीन सीची आनुवंशिक कमतरता १९८१ मध्ये आणि एसची १९८४ मध्ये नोंदली गेली. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, आणि मुलीनं ते सासरी ‘आणलं’ असं म्हणण्यालाही काही अर्थ नाही.

सगळ्या भावकीला रांगेत उभं करून तपासण्याची गरज नाही. ज्यांच्या बाबतीत रिपोर्टमुळे पुढचा निर्णय बदलणार आहे त्यांना तपासा: दिवस राहण्याच्या वयातल्या बहिणी आणि लेकी, मोठं ऑपरेशन ठरलेली माणसं. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक ठरत असेल आणि त्या घरात कमतरता सिद्ध झालेली असेल, तर मात्र लग्नाआधी दोघांची तपासणी करावी. दोघांकडूनही प्रोटीन सीचा सदोष जीन बाळाला मिळाला तर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत अंगावर काळेजांभळे चट्टे पडतात, डोळ्यांत आणि मेंदूत गुठळ्या होतात. असं बाळ ताबडतोब मोठ्या केंद्रात न्यावं लागतं.

वॉर्फरिन चालू आहे. भाजी-भाकरीचं काय? भरीत बंद?

भरीत बंद करू नका. वांग्यात काही अडचण नाही. आपल्या भरतात पडणारा पातीचा कांदा आणि मूठभर कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं, तसंच मेथी, पालक, पोकळ्यातही. नियम एवढाच की दर आठवड्याला साधारण सारखं खा. हिवाळ्यात रोज भरीत पार्टी आणि उन्हाळ्यात पालेभाजीचं पानही नाही, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, वरखाली होतो. तो सहसा २ ते ३ मध्ये हवा. दोनच्या खाली गुठळीचं भय, तीनच्या फार वर रक्तस्रावाचं.

भाजीपेक्षा मला जास्त धास्ती औषधांची वाटते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिननं वॉर्फरिनचा जोरच मोडतो. बाजारातल्या सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं, त्या घेऊ नका. दारूही नको.

प्रोटीन सी फार कमी असेल तर वॉर्फरिन एकटी सुरू करत नाहीत, आधी हेपॅरिन देतात आणि काही दिवस दोन्ही सोबत चालवतात. नाहीतर सुरुवातीच्या दिवसांत कातडी काळी पडून सडू शकते. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्झाबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांना वारंवार आयएनआर लागत नाही, तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ही मोठी सोय आहे. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्या देत नाहीत, आणि अँटीफॉस्फोलिपिड नावाचा आजार असेल तर बहुधा वॉर्फरिनच बरी.

गोळी किती दिवस?

बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण असेल तर तीन ते सहा महिने. कारण सापडलं नाही तर सहा महिने ते वर्ष. गुठळी दुसऱ्यांदा झाली किंवा कमतरता जबर असेल तर बहुधा कायमची.

एकदा सीव्हीटी झाली. पुन्हा मूल होऊ द्यावं का?

बहुतेक जणींना होऊ देता येतं, फक्त आधी सांगून. वॉर्फरिन गर्भाला घातक आहे, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणून पाळी चुकली की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे या. गरोदरपणात पोटावर रोज टोचायचं लो मॉलिक्युलर हेपॅरिन देतात. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे ते चालू ठेवावं लागतं. अंगावर पाजताना हेपॅरिन चालतं आणि वॉर्फरिनही चालते.

क्लॉटिंगचं प्रोटीन कमी म्हणजे हिमोफिलियाच ना?

नाही. हिमोफिलियात गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो आणि रक्त थांबत नाही. त्यातही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, पण उपचार अगदी विरुद्ध आहेत. बाळाच्या नाळेतून रक्त थांबेना तर तेराव्या घटकाची तपासणी करायला सांगा, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या पीटी-एपीटीटी तपासणीत ती कमतरता दिसत नाही.

नंदुरबारकडे सिकलसेल आहे. त्यातही लकवा होतो?

होतो, आणि लहान मुलांना होतो. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल, पावरा घरांत मूल सिकलसेलचं असेल आणि त्याचा हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची डोक्याची डॉप्लर सोनोग्राफी वर्षातून एकदा करून घेतली तर धोका आधीच कळतो, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध किंवा रक्त देऊन तो पुष्कळ कमी करता येतो. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ च्या जुलैत सुरू झालं आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेलमध्ये प्रोटीन सी आणि एसही कमी येतात. त्या आकड्यांमुळे मूळ आजाराकडे दुर्लक्ष व्हायला नको.

केळीच्या बागेत दिवसभर काम असतं. काय सांभाळायचं?

पाणी, मीठ-साखरेचं पाणी, ताक. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस लगेच. सुरत, पुणे, मुंबईची रात्रभराची गाडी असेल तर तीन-चार तासांनी उतरून चाला, आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडू नका. बायका हे हमखास करतात, कारण वाटेत धड जागा नसते. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ तपासून घ्या. ते कमी असलं की रक्तातला होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो आणि त्यानंही गुठळीला हातभार लागतो. बी-१२ भरून काढणं हा उपचार सगळ्यांत स्वस्त आहे.

झटका आलाच तर पहिल्या तासात काय करायचं?

तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं जड. यांपैकी एकही अचानक झालं की १०८ ला फोन करा. तो मोफत आहे. धमनीतल्या गुठळीवर विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सातपुड्यातून घाट उतरून यायलाच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून थांबू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्या. तोंडात पाणी, गोळी, चहा घालू नका. मालिश, कबुतराचं रक्त यांत वेळ घालवू नका. फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन एकानं त्याच्याकडे जावं, बाकीच्यांनी पेशंटजवळ राहावं.

दात काढायचा आहे, किंवा ऑपरेशन ठरलंय. सांगायलाच हवं का?

हो. औषधाचं नाव, शेवटचा आयएनआर आणि गुठळी कधी व कुठे झाली होती, एवढं एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरच्या दोघांच्या मोबाइलमध्येही असू द्या. ऑपरेशनमध्ये जास्त वेळ झोपून राहावं लागणार असेल तर त्या काळापुरतं हेपॅरिन लागेल का, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही आधी विचारून घ्या.